शालनची निवळी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चुन्याची निवळी. हातात हात धरून बसलो नव्हतो, का शहाणपणाचे चार शब्द बोललो नव्हतो. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. शाळेच्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता आणि दुसऱ्या दिवशी बारावीच्या पोरांची प्रॅक्टिकलची परीक्षा. पोरांना निवळी तर लागणार, म्हणून काचेची मोठी बरणी मी घरी आणली. शालननं, माझ्या बायकोनं, पातेल्यात चुना कालवला, काठीनं ढवळला, बरणीत ओतला आणि वर फडकं बांधलं. चुना खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं, ती निवळी. रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरचं वर ओतून घ्यायची.

"आता पाय आपटत फिरू नका घरभर," ती म्हणाली. "बरणी हालंल. हत्ती चालल्यागत चालताय तुमी."

मग जुन्या बाटलीतली थोडी निवळी मी लॅबच्या काचेच्या नळीत घेतली आणि तिच्यापुढं धरली. पपईच्या पानाचा पोकळ देठ तिनं तोंडात धरला आणि फुंकर घातली. हे आमचं रोजचं होतं, ते पुढं सांगतो. नळी दुधाळ झाली. मी धुवायला उठलो तर म्हणाली, "आत्ता ती ॲसिडची बाटली उघडू नका, वास नको मला. सकाळी धुवा."

बरं, म्हणालो. नळी खिडकीत ठेवली.

मी सातवी शिकलेला माणूस. शाळेच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिपाई म्हणून लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. पोरं मला मामा म्हणायची. बाटल्या भरायच्या, बर्नर पुसायचे आणि नळ्या धुवायच्या, हे माझं काम. सूत्रं मला येत नाहीत. सर जे बोलायचे ते कानावर पडायचं, त्यातलं काही राहिलं, काही गेलं. लिहायला बसलोय त्याला कारण एकच. फेब्रुवारी लागला की तो वास परत येतो.

आमचं घर शाळेच्या मागच्या बोळात. मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडं लॅब, अलीकडं आमची मोरी आणि पपईचं झाड. प्रॅक्टिकल सुरू झाली की कुजक्या अंड्याचा वास भिंतीवरून बोळात उतरतो. शेजारीण नाकाला पदर लावून गटाराला शिव्या देते. गटाराचा काही दोष नाही. लॅबमध्ये किपचं भांडं म्हणून एक काचेचं भांडं असतं, एकावर एक बसवलेल्या तीन भोपळ्यांसारखं. त्यातून तो गॅस निघतो. शिशाच्या औषधात बुडवलेला कागद त्याच्यासमोर धरला की काळा पडतो. पोरं लिहितात, वायू ओळखला. मला कागद लागत नाही. हा वास आला की माझ्या घरात शालन खोकायला लागते. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लागते.

खिडकी लावून घेतली तर घर उकडतं. उघडली तर हे. बाहेर कुठं जावं तर गुडघे चालू देत नाहीत. दर वर्षी हे दीडेक महिने मी असाच काढतो, बूच लावलेल्या बाटलीतल्या औषधासारखा.

मुलगा संजू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. राजारामपुरीत फ्लॅट घेतलाय. परवा आला होता.

"बाबा, चला की आता. हितं काय ठेवलंय?"

"वास ठेवलाय," मी म्हणालो.

सून जवळच उभी होती. "मामंजी, तिकडं लई मोकळी हवा हाय. दुसरा मजला. गॅलरीत बसायचं निवांत."

"आणि गॅलरीतनं काय बघू? खालच्या क्लासला आल्याल्या पोरांच्या गाड्या?"

"मग हितं काय बघताय? भिंतच की!"

खरं बोलली पोर. भिंतच बघतो. मी तिला सांगितलं, भांडी ने, कपाट ने, गाद्या ने, मला काही लागत नाही. फक्त खिडकीतल्या त्या काचेच्या नळीला हात लावायचा नाही. ती संजूकडं बघायला लागली. संजू खाली बघत होता. त्याला माहीत आहे.

शालनला दमा होता. लग्नात नव्हता, संजूच्या पाठीवर लागला. पावसाळा ती निभावून न्यायची. तिचा वैरी फेब्रुवारी. साखर कारखाने जोरात, वाळत टाकलेल्या धोतरावर काळी काजळी येऊन पडायची. मळ्यांतून उसाचा पाला पेटवलेला, त्याचा धूर. डॉक्टरनं सांगितलं, ह्या दिवसांत बाहेर पडायचं नाही, खिडक्या लावून घ्यायच्या. ती दाराआड बसायची. मी भिंतीपलीकडं लॅबमध्ये. तिथंही खिडक्या बंद. परीक्षेत बाहेरून कॉप्या आत येतात म्हणून आमच्या हेडमास्तर साहेबांनी मागच्या खिडक्यांना खिळे मारून घेतले होते. वरचा पंखा कधीचा जळालेला. बाहेरून आलेले परीक्षक तोंडाला रुमाल बांधून खुर्चीत बसायचे. पोरांची बॅच आत घेतली की दाराला आतून कडी. ती काम उरकेपर्यंत निघायची नाही. शालन तिकडं कोंडलेली, मी इकडं. मध्ये एक वीट जाडीची भिंत.

ती भिंतीला पाठ लावून बसायची. संध्याकाळी मी आलो की म्हणायची, "आज तुमच्या पोरांची फटाकडी लई वाजली वो."

ती फटाकडी म्हणजे हायड्रोजन. नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली की पट् करून आवाज होतो. ऑक्सिजनचं उलटं. विझत आलेली, नुसता लाल निखारा राहिलेली काडी आत सोडायची, ती भपकन पेटते. हे मी तिला सांगितलं. दवाखान्यात तिच्या नाकाला तोच वायू लावायचे.

"म्हंजे मी काडी हाय म्हणा की," ती म्हणाली.

"गप ग."

"निखारा असंपर्यंत पेटतीय न्हवं? मग झालं तर!"

मी घरी आलो की सरळ मोरीत जायचो. कपडे तिथंच उतरवायचे, आंघोळ करायची, मग घरात पाऊल. तरी केसांत वास राहायचाच. ती लांबूनच ओळखायची. अमोनिया असेल त्या दिवशी डोळे पुसत म्हणायची, "आज कल्हईवाल्याकडं गेलता व्हय?" पूर्वी बोळात कल्हईवाला बसायचा, भांड्यावर नवसागर टाकला की तोच झोंबणारा धूर निघायचा. लॅबमध्ये त्याच्यासाठी ओला तांबडा कागद धरतात, तो निळा होतो. सिल्व्हर नायट्रेटचे डाग माझ्या बोटांवर कायम असायचे. बाटलीत ते पाण्यासारखं दिसतं, कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं आणि साबणाला दाद देत नाही. पाहुण्यांत जेवायला बसलो की शालन कुजबुजायची, "हात मुठीत ठेवा जरा. लोकांस्नी वाटंल आंघुळ करत न्हाय ह्यो माणूस."

पोरं परीक्षेत जी पांढरी पूड ओळखतात तिला सॉल्ट म्हणतात. प्रत्येकाला पुडीत चिमूटभर मिळते. आधी रंग बघायचा, मग तापवायची, मग ज्योतीत धरायची. तांब्याची असेल तर ज्योत हिरवी. आपलं खायचं मीठ असेल तर पिवळी. हे सांगितल्यापासून शालन पोळ्या लाटताना मिठाचा खडा मुद्दाम गॅसवर टाकायची. "बगा, ओळखलं! पास करा मला." मी म्हणायचो, तोंडी परीक्षा राहिली अजून. ती म्हणायची, तोंडीत मी कुणाला ऐकती?

आणि तोंडीत ती खरंच कुणाला ऐकत नव्हती.

एका हिवाळ्यात डॉक्टरनं तिला रोज फुगा फुगवायला सांगितलं. छातीला व्यायाम म्हणून. मी लालभडक फुगे आणले. तिनं ते कोनाड्यात टाकले. "लोकं काय म्हणतील? नातवंड न्हाय घरात, आणि म्हातारी फुगं फुगवत बसलीय." नातवंड झाल्यावर फुगव म्हणून मी चिडवलं, तर दोन दिवस बोलली नाही.

मग मी लॅबमधून एक नळी आणली. तोंडाला टवका उडालेली, टाकून दिलेली. तीत निवळी घातली, पपईचा देठ तोडला आणि तिला म्हणालो, ह्यात फुंकर घाल. श्वासात जो वायू बाहेर पडतो तो निवळीत गेला की ती दुधासारखी होते. पोरांचा हा पहिला धडा. तिनं फुंकलं. बुडबुडे आले, मग पाणी गढूळलं, मग पांढरं झालं. ती देठ सोडून बघतच राहिली.

"हे माझ्यातनं आलं?"

"तुझ्यातनं."

"काय वो, कुठल्या म्हशीच्या पोटी जल्मले मी?"

त्या दिवसापासून ते रोजचं झालं. त्याला आम्ही आमची एक रीत लावली. नळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरायचो, रविवारचा लाल आकडा नळीतून दिसेल अशी. ती फुंकायची. तोंडात देठ असल्यानं तिला बोलता यायचं नाही, डोळ्यांनी विचारायची. मी सांगायचो, "दिसतंय... दिसतंय... अजून दिसतंय... गेलं!" आकडा दुधात बुडाला की ती थांबायची. छाती मोकळी असेल त्या दिवशी 'गेलं' लवकर यायचं. दाटलेली असेल त्या दिवशी 'दिसतंय, दिसतंय' म्हणून माझाच घसा सुकायचा. डॉक्टरच्या यंत्रापेक्षा मला ह्याचा भरवसा. फेब्रुवारीत मी दिवसभर लॅबमध्ये असलो तरी डोक्यात संध्याकाळचा तो आकडा असायचा. आज जाईल का लवकर? बाकी मला त्या दिवसांत काही नको होतं. पोरं पास होवोत, नापास होवोत, साहेब ओरडो, न ओरडो. लाल आकडा जावा, बस.

एकदा ती फारच छान होती. आभाळ निवळलेलं, काजळी नाही. फुंकायला बसली ती थांबेचना. आकडा गेला, मी 'गेलं' म्हणालो, तरी फुंकतेच आहे. हसत फुंकतेय. बराच वेळ झाला आणि बघतो तर पांढरेपणा कमी व्हायला लागला. हळूहळू आकडा परत दिसायला लागला. शालनचा चेहरा उतरला. देठ खाली पडला.

"संपला की वो माझा श्वास!"

मलाही कळेना. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर हसले. "मामा, वायू जास्त झाला की पांढरं पुन्हा विरघळतं. पोरंही फसतात. नळी जास्त वेळ धरतात, पाणी निवळतं आणि वायू नाही म्हणून लिहून मोकळी होतात. दुधाळ झालं की थांबायचं असतं."

घरी येऊन सांगितलं. ती उठून बसली. "म्हंजे मी कमी न्हाय, जास्तच जिवंत हाय!" आणि शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं. शेजारणीला त्यातलं काडीइतकं कळलं नाही, पण तीही हसली.

सरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, फार पूर्वी. निवळीच्या नळ्या धुताना काचेला एक पांढरी झाक राहते. पाण्यानं जात नाही, ब्रशनं जात नाही. मी घासून घासून हात दुखवून घेतले होते. सर म्हणाले, "घासू नका मामा. ॲसिडचा थेंब टाका." टाकला. बारीक फसफसलं आणि काच लख्ख झाली. मी विचारलं, हे फसफसलं म्हणजे काय? ते म्हणाले, "पोरांनी फुंकलेला वायू. चुन्यानं तो धरून ठेवला होता. ॲसिडनं सोडवला. गेला हवेत."

त्यानंतर नळ्या धुताना मला कसंतरी व्हायचं. एकेका बॅचच्या पोरापोरींचे श्वास काचेला चिकटलेले. मी थेंब थेंब टाकून सोडून द्यायचो. पण काम ते काम. नळी लख्ख पाहिजे, नाहीतर पुढच्या पोराला चुकीचा निकाल मिळतो. घरच्या नळीलाही मी तोच नियम लावला. संडासाला आणलेल्या ॲसिडच्या बाटलीतला थेंब रोज टाकायचा. झाक राहिली तर दुसऱ्या दिवशी आकडा आधीच धूसर दिसेल आणि मला वाटेल शालन बरी आहे. बाटलीचं बूच निघालं की वासानं तिला ठसका लागायचा. मोरीत उघडा, माझ्या नाकाखाली उघडू नका, म्हणून ओरडायची. मोरीत उघडली तरी खोकायचीच.

त्या शेवटच्या संध्याकाळी आकडा लवकर गेला होता. हेच मला अजून उलगडत नाही. मी 'गेलं' म्हणालो आणि तिनं देठ बाजूला ठेवून विचारलं, "खरं का माझं मन राखताय?"

"तुझ्या गळ्याची आण."

"मग सोडा की माझा गळा, त्योच तर गरीब हाय."

मग ते ॲसिडचं बोलली, सकाळी धुवा म्हणाली आणि झोपली. पहाटे धाप लागली. पंप मारला, रिक्षा आणली, दवाखान्यात नाकाला नळी लावली. उजाडायच्या आत डॉक्टर बाहेर आले. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

सकाळी तिला घरी आणलं. पुढच्या सोप्यात ठेवलं. बायका जमल्या, रडारड सुरू झाली. मला पुरुषांनी बाहेर खुर्चीत बसवलं, जसं काही मी पाहुणाच. कुणीतरी हातात चहा दिला, कुणीतरी काढून घेतला. पलीकडं शाळेची घंटा झाली. परीक्षेचा दिवस.

तेवढ्यात आमच्या लॅबमधला दुसरा शिपाई बोळाच्या तोंडाशी दिसला. हातात पिशवी, पिशवीत रिकाम्या बाटल्या. त्याला काही माहीत नव्हतं. दारातली माणसं बघून जागीच थांबला. आला, माझ्या पायाशी बसला आणि रडायला लागला. मग रडता रडता पिशवीकडं बघायला लागला. विचारायची त्याला लाज वाटत होती.

मीच म्हणालो, "बरणी शेगडीजवळ हाय. वरचं वर ओतून घे. हलवू नको."

तो आत गेला. थोड्या वेळानं परत आला. "मामा, मला जमंना. बरणी हालंल माझ्याकडनं."

मी उठलो. बायका बाजूला झाल्या. फडकं सोडलं. इतकी नितळ निवळी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. खाली चुना बसलेला, वर पाणी, पाणी आहे का नाही असं वाटावं इतकं स्वच्छ. रात्रभर त्या घरात इतकी धावाधाव झाली, मी किती पाय आपटले असतील, तरी बरणी हलली नव्हती. मी एकेक बाटली भरून दिली. तो पिशवी उराशी धरून निघून गेला. भिंतीपलीकडं त्या दिवशी पोरं फुंकत असतील, एकेकाची नळी दुधाळ होत असेल. शालनच्या निवळीत.

मग हात रिकामे झाले. रिकाम्या हातांचं काय करायचं मला माहीत नव्हतं. खिडकीत नळी होती. सकाळी धुवा म्हणाली होती. सकाळ झाली होती.

मी नळी घेतली आणि मोरीत गेलो. रोजच्यासारखी उलटी केली. खाली बसलेलं पांढरं पाण्याबरोबर वाहून पपईच्या बुंध्याशी गेलं. ब्रश फिरवला. खळखळून पाणी घातलं. मेव्हणा मागून आला.

"दाजी, काय करताय? सगळी वाट बघाय लागल्यात."

"नळी धुतोय."

"आत्ता?"

"तिनं सांगितलंय."

मी नळी उजेडात धरली. वरून ऊन येत होतं. काचेला आतून पांढरी झाक होती, रात्री जिथवर पाणी होतं तिथवर. हात आपोआप फळीवर गेला. ॲसिडची बाटली घेतली आणि बूच काढलं. तोच वास, नाकात सणकन जाणारा.

घरात कुणी खोकलं नाही.

मी तिथंच थांबलो. बायकांचं रडणं ऐकू येत होतं, मेव्हण्याचा श्वास ऐकू येत होता. थेंब टाकला असता की फसफसलं असतं. मग काच लख्ख.

बूच परत लावलं. नळी खिडकीत पालथी घातली आणि शालनला उचलायला बाहेर आलो. उभ्या नोकरीत अर्धवट धुतलेली नळी ती एवढीच.